डबा वर धरा, माई

माजं नाव म्हादू. आता म्हातारपनी पोरं म्हादूतात्या म्हनत्यात, पर कागदावर म्हादेव. आमचं गाव तासगावच्या वरल्या अंगाला, माळाचं गाव, तवा तिथं द्राक्षं न्हवती का काय न्हवतं, कुसळ आन् दगुड. बाप माजा तापट. म्हंजे कसा तापट, बैल चालंना तर बैलाला आसूड, आन् बैल चालला तर आमाला. आईला तर रोजचंच. एकदा भाकरी करपली म्हनून कुऱ्हाडीचा दांडा घातला तिच्या डोस्क्यात, फुटलं, भळाभळा रगत, चुलीत रगत पडलं आन् चर्र झालं, त्यो आवाज माज्या कानात अजून हाय. तवा गावात डाक्टर नवा आल्याला. बामन व्हता, पोरसवदाच, बायकूसंगट आलेला, तिला समदी माई म्हनायची. त्यो डाक्टर आमच्या घरात आला, आईच्या डोस्क्याला टाकं घातलं, हात धुतलं, आन् भाईर येऊन चावडीम्होरं समद्या गावादेखत माज्या बापाच्या मुस्काटात दिली. काय सांगू तुमाला, बापाला हात लावायची कुनाची छाती न्हवती. समद्यांना वाटलं आता ह्या डाक्टरचा मुडदा पडतोय. पर बाप नुस्ता गाल चोळत उभा ऱ्हायला आन् घरला आला. डाक्टरनं मारल्यालं त्येला कसं लागलं कुनास ठावं, पर त्या दिसापास्नं आईला मार कमी झाला. बंद न्हाई झाला. कमी झाला.

मंग बाप गेला. बैलानंच मारला त्येला, गोठ्यात शिंग घातलं पोटात. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं न्हाई.

माजा थोरला भाऊ सिदा. दादा म्हनायचो आमी. त्यो पैलवान. तालमीत उतरला की दोन दोन गड्यांला लोळवायचा, हात असा की नारळ फोडावा. बाप गेल्यावर घर त्येच्याकडं आन् आमाला मारायचं कामबी त्येच्याकडं. पर दादाचा मार येगळा, मारायचा आन् मंग सोता रडायचा, जवळ घेऊन गूळ द्यायचा. बेचाळीसच्या चळवळीत त्यो रानात गेला, भूमिगत पोरांच्यात. पोलिसांनी एकदा धरला तवा तळपायाची सालडी निघूस्तवर मारला, पर तोंडातनं एक नाव काडलं न्हाई. त्येच्या पायाला मलम कुनी लावलं, डाक्टरनंच. पोलिसांची नजर चुकवून माई दूध घिऊन यायची. हे सांगून ठिवतो, म्हंजे म्होरं काय झालं ते तुमाला नीट कळंल.

मी मातूर लढाईला गेलो. इंग्रजाच्या पलटनीत. दादा रानात इंग्रजाशी भांडतोय आन् मी इंग्रजाची गाडी चालवतोय, आई म्हनायची एका पोटाची दोन पोरं आन् दोन रस्तं. मला मोटार शिकवली एका पंजाबी हवालदारानं. त्येची शिकवायची रीत अशी, चुकलं की लोखंडी पान्यानं पाठीत, बरोबर आलं तरी पाठीत. गाडी चालू हुईना म्हनलं की त्यो इचारायचा, पहले क्या देखेगा? चिंगारी. फट्. फिर? तेल. फट्. तेल है तो क्या देखेगा? ह्ये मला येईना. तवा त्यो म्हनला, अरे गधे, तेल का जोर देखेगा. टाकी भरल्याली असून उपेग न्हाई, पेट्रोल इंजनाच्या कारबोटरपत्तूर जोरानं आलं पायजे. पेट्रोल वर ढकलनाऱ्या पंपातला पडदा फाटला, तर पेट्रोल असून गाडी मेली. नट सैल कर, गाडीच्या म्होरनं लोखंडी हँडल मार, धार उडली पायजे. धार न्हाई, नुस्ती लाळ गळतीया, तर पंप गेला समज.

आन् पंप गेला तर काय करायचं त्ये त्येनं वाळवंटात दाखवलं. आमची गाड्यांची रांग चालल्याली, वरनं इमानं आली, गोळ्या सुरू, आन् नेमकी माजी गाडी बंद. पंपाचा पडदा गेल्याला. हवालदार धावत आला, पेट्रोलचा डबा घेतला, रबरी नळी एका टोकानं डब्यात आन् दुसऱ्या टोकानं कारबोटरला, आन् सोता मडगार्डावर चढून डबा खांद्याच्या वर धरून बसला. म्हनला, चल. डब्बा जितना उपर, उतना जोर. पंपाचं काम उंची करती बगा. गाडी चालू झाली, शंभर पावलं गेलो आसंन नसंन, डब्याला गोळी लागली. मानूस पेटला. माज्या डोळ्याम्होरं, काचेच्या पल्याड. त्यो वरडला बी न्हाई, नुस्ता उभा ऱ्हायला पेटल्याला आन् मंग खाली गेला. मी त्येच्या अंगावर वाळू टाकली, दोनी हातांनी वाळू टाकली, पर पेट्रोलाचा जाळ वाळूला ऐकत न्हाई लवकर. त्येची कातडी माज्या हाताला चिकटली व्हती. ते जाऊ द्या.

लढाई सपली, घरी आलो. गावात जीव लागंना. सांगलीत हळदीच्या पेठंत एक जैन व्यापारी व्हते, आन्ना म्हनायचो, लय सज्जन मानूस, मुंगीला बी वाट करून द्यायचे. त्येंच्या गाडीवर ड्रायवर म्हनून ऱ्हायलो. जुनी गाडी, वर कापडी टप, दोन अंगांनी उघडायचं बानेट. तवा पेट्रोलचं रेशनिंग. मंग समदे ड्रायवर काय करायचे, पेट्रोलात रॉकेल मिसळायचे. पर रॉकेलावर सकाळची गार गाडी उठत न्हाई. म्हनून एका डब्यात निर्मळ पेट्रोल लपवून ठिवायचं, माजा डबा मागच्या शीटखाली असायचा, रोज सकाळी त्यातलं चमचाभर कारबोटरच्या तोंडात घालायचं आन् हँडल मारायचं. गाडी उठली की मंग रॉकेल बी चालतं. पर रॉकेलानं पंपाचा पडदा मऊ पडतो, ह्ये ठावं असून समदे करायचे. दुसरं करनार काय?

आन् मंग दिल्लीत त्या म्हाताऱ्या महात्म्याला गोळ्या घातल्या. मारनारा बामन निगाला, आन् तेबी आपल्याच बोलीचा. झालं. दुसऱ्या दिसापास्नं आमच्या ह्या मुलखात जे सुरू झालं ते तुमी ऐकलं आसंल, पर बगितलं न्हाई. सांगलीत धूर, नदीच्या पल्याड धूर, जिकडं बगावं तिकडं धूर. गावोगाव बामनांची घरं पेटली. ज्यांनी जन्मात महात्म्याचं नाव घेतलं न्हवतं ते लोक बी जय म्हनत दुसऱ्याच्या घरातलं धान्य पोत्यात भरत व्हते. आन् ज्यांना खरंच दुख झालं व्हतं ते बी त्यांच्यात व्हते, ह्ये बी खरं. ते जास्ती वंगाळ, कारन त्यांना काय न्यायचं न्हवतं, त्यांना नुस्तं जाळायचं व्हतं.

मी आन्नांकडं गेलो. म्हनलं, आन्ना, गाडी द्या, आमच्या गावचा डाक्टर आन् माई दोगंच हाईत, घिऊन येतो. आन्ना म्हनाले, महादेव, गाडी गेली तर जाऊ दे, तू जिवंत ये. किल्ली हातात दिली आन् हात जोडले. मी निगालो.

तासगाव सोडून चढ लागला आन् गाडी खोकायला लागली. मला कळलं. उतरलो, बानेट उघडलं, पंपाच्या खालच्या भोकातनं थेंब थेंब गळतंय. पडदा गेला. अजून पुरता न्हाई, पर चाललाय. म्हनलं बाई, गावापत्तूर चल, परत येताना बगू. चलली बिचारी. दुपारची येळ. गावात शिरलो तर वरल्या आळीला धूर, देवळाच्या पुजाऱ्याचं घर पेटल्यालं, आन् कल्ला चाललाय. डाक्टरचं घर गावाच्या ह्या टोकाला. दारात गाडी लावली आन् बंद केली. बंद करायलाच नको व्हती. पर आत जाऊन चटदिशी बसवून आनू असं वाटलं.

डाक्टर ऐकंना. म्हनला, महादू, ह्या गावातली निम्मी पोरं मी ह्या हातांनी जगात आणलीत, मला कोण हात लावणार? मी म्हनलं, डाक्टर, तीच पोरं येत्यात.  मंग माईच म्हनाली, चला, हट्ट नको. डाक्टर म्हनला माझी पेटी घेतो. त्या पेटीत कात्र्या भरता भरता येळ गेला. भाईर आलो, हँडल मारलं. गाडी मेल्याली. परत मारलं. मेल्याली. प्लगची तार काडून बगितली, चिंगारी निळी, चांगली. मंग कारबोटरचा नट सैल केला, हँडल मारलं, धार न्हाई. लाळ. पंपावरच्या काचंच्या वाटीत नुस्तं बुडबुडं. डोस्क्यात हवालदाराचा पाना बसला माज्या.

आन् तवाच पोरांचं टोळकं आलं. आमच्याच गावची, माज्या मांडीवर खेळल्याली काई. मोटार बगून नाचायला लागली, आरं मोटार आली, म्हंजे पेट्रोल आलं! सिदादादानं जाळायला रॉकेल आना म्हनून सांगितलंय, ह्ये तर पेट्रोल हाय. माज्या पाठीत काठी बसली, मी पडलो. पोरांनी टाकीखालचा बोल्ट काडला, घागरी लावल्या, समदं मिश्रन घागरीत. डाक्टर ओट्यावरनं खाली उतरला, त्येला काय वाटलं कुनास ठावं, बापाच्या मुस्काटात दिली व्हती तसंच ह्येंना बी दटावलं की ऐकतील. म्हनला, अरे काय चालवलंय, घरी जा. एकानं दगड घातला. कपाळापास्नं कानापत्तूर फुटलं. पोरं हसत घागरी घिऊन वरल्या आळीला पळाली, म्हनली दादा आला की तुमचा नंबर.

आता बगा, टाकी उघडी, पंप मेल्याला, डाक्टर रगतात, त्येला उभं ऱ्हाता येईना, पायी कुठं जानार? म्होरच्या गावात बी धूर. पर शीटखालचा डबा पोरांनी बगितला न्हवता. निर्मळ पेट्रोल. डबा हाय, आता नळी पायजे. माज्या नळीचं रबर फाटल्यालं. म्हनलं, माई, घरात रबरी नळी हाय का? माईला काय कळंना. डाक्टर तसाच पडल्या पडल्या म्हनला, माझी एनिम्याची नळी दे त्याला, पेटीत आहे, लाल. आवं, अशा येळंला बी मला हसू आलं. ती लाल नळी घेतली, एक टोक डब्यात, तोंडानं पेट्रोल ओढलं, घसा जळला, दुसरं टोक कारबोटरच्या पाइपात बसवून चिंधीनं आवळलं. आता डबा कुनीतरी वर धरला पायजे. डाक्टरला तर मी उचलून मागच्या शीटवर निजवल्याला.

माई म्हनाली, मी धरते.

नऊवारीतली बाई, परपुरुषाम्होरं डोईवरचा पदर ढळू न देनारी, ती मडगार्डावर चढली, एक पाय दिव्याच्या दांड्याला अडकवला आन् डबा मांडीवर घेतला. मी हँडल मारलं. फुरफुर करून मेली. मी म्हनलं, मांडीवर न्हाई चालायचं माई, डबा वर धरा. तिनं छातीशी धरला. हँडल. परत मेली. मी वरडलो, आजून वर! डोक्याच्या वर! तिनं दोनी हातांनी डबा डोक्यावर घेतला. डब्याच्या तोंडातनं पेट्रोल हिंदकळलं, तिच्या केसांत, पदरावर, पाठीवर. समदी भिजली. मला त्यो वाळवंटातला मानूस दिसला.  पर हँडल मारलं आन् गाडी उठली. धडधड धडधड. जगात त्याहून गोड आवाज मी ऐकल्याला न्हाई.

तवाच गल्लीच्या तोंडाला लोक आले. दगड सुरू. एक दगड माईच्या कोपरावर बसला, काडदिशी वाजला, तिनं दात खाल्लं पर डबा खाली आनला न्हाई. एक दगड पाठीत. एक गालावर. तिच्या तोंडातनं नुस्तं रामा रामा चाललेलं. आन् लोकांच्या म्होरं दादा. माजा सिदा. हातात पलिता. पेटल्याला. दादाचं डोळं लाल, गालावर आसवांचं ओघळ, त्यो रडत येत व्हता बगा, पोरासारखा हुंदकं देत. माज्या हातात हँडल. मी गाडीच्या म्होरं.

त्यो म्हनला, म्हादू, बाजूला हो.

मी म्हनलं, दादा, त्या बाईच्या अंगावर पेट्रोल हाय. पलिता लांब धर. ही माई हाय, दादा. तुज्या पायाला मलम लावल्यालं घर हाय ह्ये.

त्यो म्हनला, बाजूला हो म्हनतो न्हवं.

आन् त्येचा पलित्याचा हात वर गेला. फेकायला गेला, का मला ढकलायला गेला, का नुस्ता डोळं पुसायला गेला, मी बगत बसलो न्हाई. हँडल फिरवलं आन् घातलं, सगळा जोर लावून, मनगटाच्या वर. हाड मोडल्याचा आवाज गाडीच्या आवाजातनं बी ऐकू आला. पलिता धुळीत पडला, दादा गुडघ्यावर आला, मोडलेला हात पोटाशी धरून माज्याकडं बगायला लागला. मारताना त्यो रडायचा की न्हाई, तसाच बगत व्हता, पर आता मार त्येला बसल्याला. त्येच्या पाठीमागचं लोक थबकलं. सिदापैलवान गुडघ्यावर आल्याला कुनी बगितलाच न्हवता कवा. मी पायानं पलित्यावर धूळ लोटली, गाडीत उडी मारली आन् सुटलो.

वळनावर गाडी हिसकली की माईचा हात खाली यायचा, आन् गाडी खोकायची, मी वरडायचो, माई, वर! आन् मोडल्या कोपरानिशी ती डबा परत वर न्यायची. माज्या बायकूला बी मी कवा असं वरडलो न्हाई. आन् मागनं डाक्टर, अर्धा शुद्धीत अर्धा बेशुद्ध, काय बोलतोय तर, महादू, मी आवाज ऐकला. सिदाच्या हाताची दोन्ही हाडं गेलीत. गाडी थांबव, फळी बांधायला पाहिजे, नाहीतर हात जाईल त्याचा. मी म्हनलं, डाक्टर, गप पडा. त्यो परत म्हनला थांबव. ज्यो घर जाळायला आला त्येच्या हाताची काळजी! मला त्या मानसाचा लय राग आला तवा, आन् अजून बी येतो, एवढं चांगलं असायला नको मानसानं.

तासगावच्या अलीकडं पोलिसांची लारी उभी व्हती. तिथं गाडी थांबवली तवा माईचं हात खाली येईनात. डोक्यावर तसंच आखडल्यालं. मी आन् एका शिपायानं हळूहळू ते खाली आनलं. ती मला म्हनाली, झालं का रे? मी म्हनलं झालं माई. मंग ती रडली.

ती दोगं आन्नांच्याकडं ऱ्हायली आन् मंग पुन्याला गेली. परत आली न्हाईत. आमच्या गावात मंग लय वरसं डाक्टर न्हवता. दादाचा हात शेजारच्या गावच्या हाडवैद्यानं बांबूच्या कामट्यांनी आवळला, इतका आवळला की बोटं काळी पडली. घरात मला घेत न्हवते. आई दारात उभी ऱ्हाऊन म्हनली, परक्या बाईपायी थोरल्या भावाचा हात मोडलास, ज्या हातानं तुला घास भरवला त्योच हात माजा झडू दे. दादाला मिरजंच्या दवाखान्यात नेला तवा उशीर झालता. हात कोपराखाली कापला.

दादानं माज्याशी बोलनं सोडलं. मी सांगलीत गाडी चालवली, म्हातारा झालो, गावाकडं आलो, त्येच्याच शेजारी घर बांधलं. वैनी व्हती तवर तिच्यामुळं त्येचं चाललं. ती गेल्यावर एक दिस सकाळी दादा माज्या ओट्यावर येऊन बसला, मांडीवर पटका, आन् मान खाली घातली. एका हातानं पटका बांधता येत न्हाई. मी उठलो आन् बांधला. दुसऱ्या दिशी परत आला. तवापास्नं रोज येतो. बोलत न्हाई, मान खाली घालतो, मी बांधतो, जातो.

तुमी यायच्या आदल्याच आठवड्यात काय झालं सांगतो. मी पटका बांधत व्हतो, आन् दादा मान खाली घालूनच बोलला. इतक्या वरसांनी. म्हनला, म्हादू, त्या बाईला मी जाळली असती का रं?

माजं हात थांबलं. ह्येला काय सांगायचं? व्हय म्हनलं तर ह्या म्हाताऱ्यानं शेवटाला काय घिऊन मरायचं? म्हनलं, न्हाई दादा. तू जाळली नसतीस.

 मंग म्हनला, मंग माजा हात का मोडलास?

 मी पटक्याचा पीळ नीट केला, शेमला पाठीवर सोडला. त्यो उठला आन् काठी टेकत गेला. मला वाटलं आता ह्यो उद्या येत न्हाई. आला. आजबी येऊन गेला. देवानं आमाला दोगांनाबी अजून किती ठिवलंय ठावं न्हाई, पर तवर त्येनं यावं आन् माज्या हातात पीळ घालायची ताकद ऱ्हावी, एवढंच. बाकी तुमचं चांगलं होऊ द्या.